टाचेखालचा भूकंप

दुपारचे बारा वाजले आणि मैदानात मुंगी शिरायला जागा उरली नाही. ओट्यावर टाचबाबा उभा होता, पुढ्यात पाण्याने भरलेली परात.

"येतोय!" बाबा गरजला. "जमिनीच्या पोटात गुरगुरतोय! सातचा आहे, सातचा! थांब लेका, बघतोच तुला!"

त्याने टाच दाणकन आपटली. एकदा, दोनदा, सातदा. आठव्या वेळी पायाखालची जमीन थरथरली, परातीतलं पाणी शहारलं आणि दोन सेकंदांत सगळं शांत झालं.

"साडेतीनवर आणला! निम्मा केला!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. ताईच्या डोळ्यांना धार लागली होती. तिच्या शेजारी धाकटी बहीण दातओठ खात उभी होती. गावच्या भूकंपमापन केंद्रात यंत्रावरचे कागद वाचणं हे धाकटीचं काम. महिन्यापूर्वी खरा भूकंप झाला तेव्हा ताईच्या घराची मागची भिंत छतापासून बोटभर सुटली होती. घर ताबडतोब रिकामं करा, असं इंजिनिअरने लिहून दिलं होतं. त्याच भिंतीला लागून ताईची सासू अंथरुणाला खिळलेली. तरी ताई हलायला तयार नव्हती, कारण बाबाने सगळ्यांना बजावलं होतं, "घर सोडाल तर माझी टाच लागू पडणार नाही."

"निम्मा म्हणे!" धाकटी फणकारली. "अगं, हे काय परीक्षेतले मार्क आहेत? एक आकडा खाली आला की कागदावरची रेघ दहा पटींनी लहान होते आणि भूकंपाची ताकद बत्तीस पटींनी कमी. सातवरून साडेतीन म्हणजे ताकद पावणेदोन लाख पटींनी कमी. या माणसाला आकडासुद्धा धड वाचता येत नाही."

"तुझं यंत्र भूकंप थांबवतं का?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग गप्प बस. तो थांबवतोय."

हे धाकटीला फार लागलं. तडक केंद्रात जाऊन तिने बाबा गावात आल्यापासूनचे अकरा दिवसांचे कागद टेबलावर पसरले. रोज बारा वाजून पाच मिनिटांनी एक बारीकशी रेघ होती. फक्त शुक्रवारी कागद कोरा होता. शुक्रवारी बाबाचं मौन असायचं. शुक्रवारी टेकडीपलीकडची दगडाची खाणही बंद असायची!

मग तिने आजूबाजूच्या आणखी दोन केंद्रांचे कागद मागवले. भूकंपात खडक सरकतो, तो एका बाजूची जमीन ढकलतो आणि दुसऱ्या बाजूची ओढतो. त्यामुळे कुठे काटा आधी वर उडतो, कुठे खाली. सुरुंग मात्र चहूकडे ढकलतोच. तिन्ही कागदांवर, रोजच्या रोज, काटा आधी वरच गेला होता.

खाणीचा मुकादम हसून हसून बेजार झाला. "आमचा सुरुंग आणि त्याची टाच? अहो, सुरुंगाच्या पाच मिनिटं आधी आम्ही तांबडं निशाण चढवतो. मैदानाजवळच्या पाण्याच्या टाकीवरून ते स्पष्ट दिसतं."

त्याच टाकीवर बाबाचा एक दांडगा शिष्य रोज ध्यानाला बसायचा आणि मधेच टॉवेल झटकायचा.

"उद्या निशाण वेळेवर चढवा," धाकटी म्हणाली. "सुरुंग तेवढा वीस मिनिटं उशिरा उडवा."

दुसऱ्या दिवशी टॉवेल झटकला गेला. बाबा गरजला आणि टाच आपटू लागला. दहा झाल्या, वीस झाल्या. चाळिसाव्या टाचेला तो लंगडायला लागला, आणि परातीतलं पाणी ढिम्म.

"कोणा पाप्याची नजर लागली!" बाबा धापा टाकत म्हणाला.

"माझीच," म्हणत धाकटी ओट्यावर चढली आणि मांडी घालून बसली. "मी काहीही आपटणार नाही. बारा पंचवीसला जमीन हलेल. घड्याळं बघा."

कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. बारा पंचवीसला जमीन थरथरली.

 धाकटी संतापाने उठून उभी राहिली. तिने खाण सांगितली, निशाण सांगितलं, टाकीवरचा टॉवेल सांगितला. "जमीन हलेपर्यंत आपटत राहायचं, एवढंच याचं कसब! सात टाचा वाया गेलेल्या तुम्ही विसरता आणि आठवीला टाळ्या वाजवता. आणि या भामट्याच्या शब्दावर तडकलेल्या भिंतींखाली म्हातारीकोतारी झोपवता! लाज नाही वाटत?"

बाबा ओट्यामागून सटकू पाहत होता. दोघांनी त्याची मानगूट धरली.

ताई पुढे आली. "मग खरा भूकंप परत कधी येणार, ते तू सांग."

"माहीत नाही."

"तुझ्या यंत्रालाही नाही?"

"झाला की किती मोठा होता आणि कुठे झाला, ते यंत्र सांगतं. कुठल्या दिवशी, किती वाजता येणार, हे जगात कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो, तो खोटं बोलतो. आज रात्री येईल, वीस वर्षांत येणारही नाही. पण ताई, जमीन हलली म्हणून माणसं सहसा मरत नाहीत, वरची भिंत अंगावर पडते म्हणून मरतात. जमीन कुणाच्या हातात नाही. भिंत आपल्या हातात आहे."

 ताई गर्दीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "माझ्या सासूबाईंची खाट बाहेर काढायची आहे. चौघं जण लागतील. कोण येतंय?"