नेऱ्यात पडलेला दगड

"त्या दगडाला सडक्या अंड्यासारखा वास येतो," वाजिद जेवता जेवता म्हणाला, आणि जस्मीनचा घास हातातच राहिला.

वाजिद तिचा धाकटा भाऊ. पौडला त्याचं पशुखाद्याचं दुकान होतं आणि पेंडीची पोती पोचवायला तो टेम्पो घेऊन मुळशीभर फिरायचा. मे महिन्यात नेरे गावातल्या कुशाबांच्या गोठ्याचा पत्रा फोडून एक दगड खाली आला, हे त्याला आज कळलं होतं. सरकारी माणसं येऊन आभाळातून आलेला देव उचलून नेतील, या भीतीनं गावानं बाहेर वाच्यता केली नव्हती. आता श्रावण लागला होता.

"वास ओला झाल्यावर येतो का?" जस्मीननं विचारलं.

"ते मला काय माहीत, आपा. पण कुशाबांची म्हातारी रोज पाणी घालते त्याच्यावर."

जस्मीन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उल्कांमधली खनिजं तपासायची. सूर्यमाला घडत होती तेव्हा त्या धुळीच्या ढगात ऑक्सिजन सगळीकडे सारखा नव्हता. जिथं तो मुबलक होता, तिथलं बरंचसं लोखंड त्याच्याशी जोडलं गेलं. जिथं तो जवळपास नव्हताच, तिथं लोखंड धातूच राहिलं आणि कॅल्शियम ऑक्सिजनऐवजी गंधकाला जाऊन मिळालं. असे कॅल्शियम-गंधकाचे तपकिरी कण तपासले, तर ती जागा किती कोरडी, किती ऑक्सिजनवाचून होती ते कळतं. पण पृथ्वीवर ते टिकत नाहीत. दमट हवेतसुद्धा झिजतात, आणि झिजताना हाच वास सुटतो. जस्मीनच्या हाती आजवर आलेले नमुने जुने, आधीच गंजलेले होते. आणि हा ताजा दगड पावसाळाभर पाणी पीत बसला होता.

दुसऱ्या दिवशी ती नेऱ्याला गेली. कुशाबांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, तिला देवघरापुढं बसवलं. मूठभर आकाराचा दगड ताम्हणात होता. त्याच्या भेगांमधून तांबूस ओघळ आले होते.

"हे गोठ्यातल्या खाटंवर बसले हुते," सगुणाबाई म्हणाल्या. "तंबाकूची पिशवी आनाया उठले आन् मागं खाट मोडली. देवानंच उठवलं ह्यांना. पन वास येतोय बग. मला वाटलं माझंच काय चुकतंय. मग दूध घातलं, गोमूत्र घातलं. जेवढं धुवावं तेवढा वाढतोय."

"मावशी, पाणी घालू नका. पाण्यानंच हा सडतोय."

सगुणाबाईंनी ताम्हण जवळ ओढलं. "देव कुटं पान्यानं सडतो व्हय?"

जस्मीननं दगड मागितला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. हा घरातून हलला आणि कुशाबांना काही झालं तर? शेवटी कुशाबाच म्हणाले, "गनपती झाल्यावर दे तिला. शिकल्याली पोर हाय." जस्मीननं घट्ट झाकणाचा डबा आणला होता. त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून तिनं दगड ठेवला आणि डबा तोवर देवघरातच राहू दिला. वरचा थर गेला असला तरी गाभा शाबूत असेल, असं तिला परतताना वाटत होतं. बऱ्याच वर्षांत तिला अशी आशा वाटली नव्हती.

गणपतीच्या आधीच कुशाबांना डेंग्यू झाला. हिंजवडीच्या दवाखान्यात त्यांच्या रक्तातल्या पेशी भराभर खाली आल्या. देवाला डब्यात कोंडलं म्हणून तो कोपला, असं सगुणाबाईंनी धरलं. त्यांनी दगड काढला, तांब्याच्या घंगाळात ठेवला आणि वरपर्यंत पाणी भरलं.

जस्मीन पुन्हा आली तेव्हा कुशाबा घरी होते, हाडांचा सापळा होऊन. घंगाळातलं पाणी तपकिरी झालं होतं.

"ताप उतरला," सगुणाबाई म्हणाल्या. "आता ने. द्यायचं कबूल हुतं."

जस्मीनला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. ती अंगणात जाऊन उभी राहिली, आणि मग दगड कापडात गुंडाळून निघाली.

प्रयोगशाळेत तिनं तो पाण्याशिवाय कापला, जपून. त्याला आता काही अर्थ नव्हता. गंज थेट गाभ्यापर्यंत गेला होता. तपकिरी कणांच्या जागी नुसते खळगे होते. लोखंडाचे दोन-चार ठिपके वाचले होते आणि त्यांत सिलिकॉन विरघळलेलं दिसलं. ऑक्सिजन जवळपास नसेल तरच तसं होतं. म्हणजे दगड तिथलाच होता, ऑक्सिजनवाचूनच्या जागेतला. याहून जास्त तो आता काही सांगणार नव्हता. असा दगड तालुक्यात पुन्हा पडेल, अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता.

उरलेले तुकडे परत द्यायचं तिनं कबूल केलं होतं, म्हणून ती नेऱ्याला गेली. कुशाबा अंथरुणावरून उठले नाहीत. ताप गेला तरी ताकद आलीच नव्हती.

"काय निगालं त्यात?" सगुणाबाईंनी विचारलं.

"आतलं सगळं गेलंय, मावशी."

"माझ्या पान्यानं?"

हवेनंही गेलं असतं, पावसानंही गेलं असतं, असं ती सांगणार होती. ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण तोंडातून "हो" निघून गेलं.

सगुणाबाईंनी तुकड्यांची पुरचुंडी घेतली, उघडली. तुकडे बोटांखाली चुरत होते.

"मग ह्यांना खाटंवरनं कुनी उठवलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

सगुणाबाईंनी पुरचुंडी देवघरात ठेवली नाही, टाकूनही दिली नाही. ती तशीच हातात धरून त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या, आणि जस्मीन निघाली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.