तिसऱ्या मजल्यावरचं वऱ्हाड

आमच्या गावात घरं कारखान्यात तयार होत. भिंती, जिने, स्लॅब, सगळं साच्यात ओतायचं, वाफेवर घट्ट करायचं, ट्रेलरवर घालून न्यायचं आणि क्रेननं एकावर एक चढवायचं. प्रत्येक तुकड्यावर कारखान्याचे तपासनीस शिक्का मारत. ते नीट तपासतात की नाही, हे तपासायला सरकारनं मला ठेवलं होतं. माझी सही झाल्याशिवाय इमारतीच्या किल्ल्या कुणाला मिळत नसत. अशा नोकरीत माणसाला जेवायला बोलावणारे थोडे असतात, पण मला काम आवडायचं. काँक्रीटला प्रश्न नीट विचारला तर उत्तर मोजता येतं.

त्या नोव्हेंबरात नदीकडच्या इमारतीला माझी सही हवी होती आणि त्यातही ती सर्वांत जास्त स्तांकाला हवी होती. स्तांका कारखान्यात क्रेन चालवायची. तिसऱ्या मजल्यावरचं घर तिला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, वेलिझारला मिळालं होतं. लग्न शनिवारी होतं. ती बायकांच्या वसतिगृहात राहायची, तो पुरुषांच्या. सही झाली नाही तर लग्नाचं जेवण उरकून नवरी एका फाटकातून आत जाणार आणि नवरा रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या. पुढची तपासणी थेट वसंतात होती. वसतिगृहातल्या मुलींनी तिची थट्टा सुरूच केली होती, की पहिल्या रात्री खिडकीतून एकमेकांना हात करा, मधे फक्त बसथांबा आहे.

सोमवारी मी घन फोडायला प्रयोगशाळेत गेले. ज्या दिवशी स्लॅब ओततात त्याच दिवशी त्याच काँक्रीटचे काही घन ओतून ठेवतात आणि चार आठवड्यांनी यंत्रात दाबून फोडतात. घन किती सोसतो त्यावरून स्लॅब किती सोसेल ते कळतं. स्तांकाच्या मजल्याचे स्लॅब ज्या दिवशी ओतले होते, त्या दिवसाच्या घनांची फळी रिकामी होती.

तपासनिसांचे मुख्य मेतोदी माझ्या शेजारी उभे होते. गोल, हसरे गृहस्थ. सगळे त्यांना मेतोदीकाका म्हणत. त्यांनी फळीवरून हात फिरवला, जणू घन तिथेच असतील आणि आपल्याला दिसत नसतील. मी विचारलं, घन फुटले नाहीत तर शिक्का कशावर मारलात. ते म्हणाले, तेच सिमेंट, तीच वाळू, तीच माणसं, मग काँक्रीट वेगळं कशाला निघेल. मी रिकाम्या फळीवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं ते आपणच म्हणाले की चुकलं.

घन कुठे गेले हे दुपारी कँटीनमध्ये कळलं. स्वयंपाकीण दोन्का मला वर्षाचा पहिला आंबवलेला कोबी चाखवणार होती. तिनं पिंपाचं झाकण काढलं, आणि खाऱ्या पाण्यात, कोबीच्या गड्ड्यांवर, एक सुबक घन बसलेला होता. एका बाजूला रंगानं लिहिलेल्या आकड्याचं शेपूट अजून दिसत होतं.

"दोन्का, हे काय आहे?"

"दगड," ती म्हणाली. "कोबी वर येऊ नये म्हणून. काय मापात आहे बघा ना. पिंपाच्या तोंडात असा बसतो, की जणू त्याच्यासाठीच केलाय."

"हा दगड नाही. हा माझा घन आहे."

"तुमचा? अहो, मग आख्ख्या गल्लीत तुमचेच आहेत."

चौकशीला वेळ लागला नाही, कारण कुणी लपवलंच नव्हतं. कोबी घालायच्या दिवसांत नदीकाठचे चांगले दगड लोक आधीच उचलून नेतात. प्रयोगशाळेचं दार उघडं असायचं आणि दाराजवळच्या फळीवर एकसारखे, धुतलेले, सरळ कडांचे दगड महिनाभर काही काम न करता पडलेले. प्रत्येकानं एकेकच नेला होता. स्तांकाच्या होणाऱ्या सासूच्या पिंपातही एक निघाला.

मेतोदीकाका उत्साहानं म्हणाले की सगळे गोळा करून आणतो, धुऊन फोडू. मला नाही म्हणावं लागलं. कोबी आंबला की पाण्यात आम्ल तयार होतं आणि ते सिमेंटमधला चुना खातं. बोटानं खरवडलं तर घनाचा कोपरा साबणासारखा निघत होता. तो घन यंत्रात घातला असता तर त्यानं कोबी कसा आंबला ते सांगितलं असतं. स्लॅबबद्दल तो आता साक्ष देऊ शकत नव्हता.

हातोडीनं ठोकून अंदाज घेता येतो, पण अंदाजावर सही करायची मला परवानगी नव्हती. स्लॅबमधून नमुना कापून काढणारं यंत्र राजधानीत होतं आणि त्यासाठी रांग होती. उरला एकच मार्ग. स्लॅबवर खरंच भार ठेवायचा, तो किती वाकतो ते मोजायचं आणि भार काढल्यावर परत सरळ होतो का ते पाहायचं. त्यासाठी वाळूची पोती लागतात. क्रेन तोवर दुसऱ्या जागी हलली होती आणि लिफ्ट सुरू नव्हती. एवढी पोती तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार?

मी हे स्तांकाला स्वतः जाऊन सांगितलं. क्रेनच्या शिडीपाशी ती हातमोजे काढत ऐकत होती. ती रडेल अशी माझी कल्पना होती. तिनं विचारलं, एकूण वजन किती हवं. मी आकडा सांगितला. ती दिवसभर वजनंच उचलायची, तिला तो लगेच समजला.

"इंजिनिअरबाई, एवढं तर माझं वऱ्हाडच भरेल," ती म्हणाली. "आणि ते आपल्या पायांनी जिना चढेल."

मी म्हटलं, हे शक्य नाही. मग रात्रभर ते का शक्य नाही याची कारणं शोधत बसले आणि सकाळपर्यंत एकच उरलं. स्लॅब खरोखर कच्चा असला तर? त्याचा उपाय होता. खालच्या घरात लोखंडी टेकू दाटीनं उभे करायचे, स्लॅबच्या खाली बोटभर जागा सोडून. वाकला तर मला कळेल, पण पडायला त्याला जागा नसेल. मी माझ्या वरिष्ठांना, इंजिनिअर हाजिएव यांना, राजधानीत फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू आला.

"नियमात 'समान पसरलेला, स्थिर भार' असं म्हटलंय," शेवटी ते म्हणाले. "पोती असं कुठे म्हटलेलं नाही. माणसं स्थिर राहतील?"

मी म्हटलं, बघते.

शनिवारी लग्नाची नोंदणी झाल्यावर वरात हॉटेलकडे न जाता नदीकडच्या इमारतीकडे वळली. दोन्कानं कोठारातला मोठा तराजू दाराशी आणून ठेवला होता. तिथेच पहिला खोळंबा झाला. वेलिझारची आई, वेलिका, गावाकडची खमकी बाई होती. ती तराजूसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सासूला सगळ्यांसमोर तोलता? सुनेला तरी आधी तोला, बघू काय घेतलंय आम्ही."

मागच्या सगळ्या बायकांनी तिची बाजू घेतली. एकीनं सांगितलं की तिचं वजन फक्त डॉक्टरला माहीत आहे आणि तो मेला. मी विचार केला. मला एकेकाचं वजन नकोच होतं, बेरीज हवी होती. मग मी पाच-पाच जणांना एकदम उभं केलं. कुणाचं किती हे कुणालाच कळणार नव्हतं. बायका लगेच तयार झाल्या आणि आपल्या गटात कोण हवी यावरून भांडू लागल्या, कारण प्रत्येकीला एक जाडी मैत्रीण हवी होती.

मेतोदीकाका मात्र खाली माझ्याबरोबर थांबतो म्हणून अडून बसले. शिक्का त्यांनी मारला होता, तेव्हा स्लॅबखाली त्यांनीच उभं राहायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, खाली फक्त मोजणारी व्यक्ती थांबते. ते जड पावलांनी वर गेले. "निदान माझं पोट सरकारच्या कामी येऊ दे," असं जिन्यात कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

खालच्या रिकाम्या घरात मी टेकूंच्या मधे स्टुलावर बसले. स्लॅबच्या बरोबर मध्याला घड्याळासारखं मापक टेकवलेलं होतं. त्याचा काटा केसाच्या जाडीइतकी हालचालही दाखवतो. वर आधी पाव खोली भरली, मग अर्धी, मग सगळी. काटा हळूहळू, अपेक्षेप्रमाणे सरकत गेला. आणि मग तो थरथरू लागला.

मी जिन्यात जाऊन वर ओरडले, की कोण हलतंय. कुणीच हलत नव्हतं. खरं तर सगळेच हलत होते. अंगणात वाजंत्री वाजवत होते आणि साठ माणसांचे गुडघे त्यांना न विचारता ताल धरत होते. मी वाजंत्र्यांना थांबायला सांगितलं. ढोलवाला म्हणाला की लग्नात वाजंत्री थांबली तर जोडप्याला लाभत नाही. हे मला मान्य नव्हतं, पण वाद घालायला वेळही नव्हता. मी म्हटलं, मग थांबू नका, वर चला, तुम्हीही भारात आहात. त्यांना ढोल, सनई, अकॉर्डियनसकट तोललं आणि दारालगतच्या रिकाम्या पट्टीत उभं केलं. वाद्यं हातात असूनही वाजवायची नाहीत, हे त्यांनी मोठ्या गांभीर्यानं स्वीकारलं.

मग सगळं शांत झालं. लग्नाचं वऱ्हाड इतकं गप्प मी आधी कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाहिलं नाही, फक्त त्याच्याखाली बसले. काटा स्थिर झाला. हिशोबानं वाक जेवढा यायला हवा होता त्यापेक्षा थोडा कमीच आला होता. एकदा तो किंचित उडाला.

"कोण हललं?"

"नवरी हसली," वरून मेतोदीकाकांचा आवाज आला. "आता नाही हसणार."

ठरलेला वेळ झाल्यावर मी सगळ्यांना उतरायला सांगितलं. जिन्यात पावलांचा लोट सुरू झाला. काटा मागे सरकू लागला. सरकत गेला, आणि पाव वाक उरलेला असताना थांबला.

मी वाट पाहिली. मापकावर टिचकी मारली. काटा तिथेच. काँक्रीटमध्ये बारीक भेगा गेल्या असतील तर ते असंच करतं, वाकतं आणि पुरतं परत येत नाही. एवढा वाक उरला तर सही करता येत नाही. स्तांका अंगणात पांढऱ्या झग्यात उभी होती. खालून ती माझ्या खिडकीकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. भेग दिसते का ते पाहायला मी वर गेले.

माणसं उतरताच बाजूच्या खोलीतून आणलेलं फळ्यांचं लांब टेबल वर खोलीच्या मध्यभागी मांडलेलं होतं. वेलिका आणि तिच्या डझनभर बहिणी-वहिन्या त्यावर पातेली लावत होत्या. कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सर्म्यांची वाफ छतापर्यंत गेली होती. एका बाजूला रकियाचे, फळांच्या दारूचे, मोठे बुधले.

"तुम्ही अजून इथेच?" मी म्हटलं.

"तुम्ही माणसांना उतरायला सांगितलंत," वेलिका म्हणाली. "जेवणाला कुठे सांगितलंत? सर्मा थंड होतोय."

मी दारातच भिंतीला टेकले आणि हसू लागले. मला इतकं हसताना कारखान्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून बायका जरा घाबरल्या आणि मुकाट्यानं पातेली उचलू लागल्या. टेबल गेलं, बुधले गेले, शेवटी वेलिका गेली. मी धावत खाली आले. काटा हळू, फार हळू मागे आला, आणि सुरुवातीच्या रेघेच्या इतक्या जवळ थांबला की फरक वाचायला मला चष्मा पुसावा लागला.

मी अंगणात गेले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"परत आला," मी म्हटलं. "स्लॅब चांगला आहे."

मेतोदीकाका पायरीवर बसले आणि त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. सोमवारपासून प्रयोगशाळेला कुलूप असेल आणि किल्ली माझ्याकडे, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, दोन कुलपं लावा. मी खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली आणि किल्ली स्तांकाच्या हातात दिली. तिनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत गेली. मागून वेलिझार, मागून टेबल, पातेली, वाजंत्री, सगळं पुन्हा वर.

त्यानंतर होरो नाच सुरू झाला. एकमेकांचे हात धरून साखळी खोलीभर फिरली, मग सामानाशिवायच्या दुसऱ्या खोलीत, मग जिन्यात. मला वेलिका आणि ढोलवाल्याच्या बायकोच्या मधे ओढलं. मला पावलं येत नव्हती. वेलिका म्हणाली, तुम्ही मोजत राहा, पाय आपोआप पडतील. तसंच झालं.

संध्याकाळ व्हायच्या आत पाहुणे पांगायला लागले. गावाकडची बस सुटणार होती. सर्वांत शेवटी मी निघाले. दाराशी स्तांका अनवाणी उभी होती, वेलिझार मागे टेबल आवरत होता. तिनं मला विचारलं की आता खरंच कुणी येऊन काही तपासणार नाही ना. मी म्हटलं, नाही, आता हे तुमचं.

मी दोन मजले उतरले तोवर दार लागल्याचा आवाज आला. मग किल्ली फिरली. मग उलटी फिरली, दार उघडलं, आणि परत लागलं. ती कुलूप तपासून बघत होती.