पाठराखीण

कुंभारणीने घड्यावर बोटाने टिचकी मारली, कान जवळ नेला आणि तो बाजूला ठेवून दुसरा उचलला. पहिल्याचा आवाज बद्द होता. देवीला पाणी द्यायचं ते खणखणीत घड्यातूनच, एवढ्या एका बाबतीत ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

बाहेर अंगणात थोरले दीर हुकूम सोडत होते. उत्सवात देवीची पालखी एक दिवस या घरी, म्हणजे देवीच्या माहेरी येई, आणि त्या दिवशी दिरांची मान जरा जास्तच ताठ होई. यंदा त्यांनी आणखी एक काम उरकायचं ठरवलं होतं. माहेरी येऊन राहिलेली पुतणी पालखीमागे पाठराखीण म्हणून चालेल आणि देवळात पालखी उतरली की तिथूनच नवऱ्याबरोबर आपल्या घरी जाईल. जावई पालखीच्या भोयांपैकीच होता, त्यामुळे बोलावणं धाडायचा त्रासही वाचला. मुलीचा बाप हे ऐकून खाली मान घालून जेवत राहिला. चाकावर बसला की तो देवमाणूस, आणि थोरल्या भावासमोर उभा राहिला की ओली माती. कुंभारीणही काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे तिला कबूल आहे, असा घरातल्या पुरुषांचा सोयीचा समज होता.

लेक आली तेव्हा थोडे दिवस राहते म्हणाली होती. मग एकदा माती मळायला बसली आणि कुंभारणीला दिसलं, की तिचं डावं मनगट वळत नाही. पडले, म्हणाली. पण पडून हात मोडलेल्या माणसाला दवाखान्यात नेतात. हे कोणीतरी पिरगाळलं होतं आणि तसंच वेडंवाकडं जुळू दिलं होतं. हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. दिरांनी सगळं ऐकून घेतलं आणि संसार म्हटला की असं व्हायचंच, असा निकाल दिला. ज्याची दोन्ही मनगटं धड आहेत त्याला असं म्हणायला काय जातं!

कुंभारणीला जावयाचा राग आला, दिरांचा आला, पण सगळ्यांत जास्त आला तो स्वतःचा. लेकीचं घर तिने एकदाही पाहिलं नव्हतं. तिला जाताच येत नव्हतं.

टेकडीवरच्या देवळात सांगतात त्या गोष्टीत, कुंभाराची लेक सासरी निघाली असताना त्या टेकडीवर विसाव्याला बसली आणि लोकांच्या कल्याणासाठी देवी होऊन तिथेच राहिली. या घरातल्या चुलीपाशी बायका ती निराळी सांगत. लेक सासरी निघाली नव्हती, सासरहून पळून आली होती. आईने तिला पाणी पाजलं आणि आल्या पावली परत पाठवलं. तिला पुढे जाववेना आणि मागे येववेना. मधल्या टेकडीवर ती बसली ती बसलीच. आईला ते कळलं तेव्हा ती उंबऱ्यात येऊन बसली. पुन्हा आली तर तिला दारात मी दिसले पाहिजे, म्हणाली, आणि मरेपर्यंत तिथून हलली नाही. तेव्हापासून जी बाई पालखीला पाणी देऊन निरोप देते, तिने पुढच्या पालखीपर्यंत एकही रात्र घराबाहेर काढायची नाही. सासू गेल्यापासून हा मान कुंभारणीकडे होता. तिचे वडील गेले तेव्हाही तोंड पाहून ती अंधार पडायच्या आत परतली होती. लेकीचं गाव तर टेकडीच्या पलीकडे, मुक्काम केल्याशिवाय न होणारं.

"आज पाणी तू द्यायचं," घडा भरता भरता ती लेकीला म्हणाली.

"मी कशी देणार? मी लग्न करून दिलेली."

"घरच्या बाईने द्यायचं, एवढंच सांगितलंय. आम्ही सुना देत आलो, कारण लेकी कधी घरी राहिल्याच नाहीत." तिने घड्याचा काठ पदराने पुसला. "पण नीट विचार कर. एकदा दिलंस की वर्षभर इथून हलता यायचं नाही. मी काढलीत ती वर्षं. सोपी नसतात."

"आणि वर्षानंतर?"

"वर्षानंतर पालखी येतेच की परत."

लेकीला हसू फुटलं. आल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा कुंभारणीने तिच्या हातात घडा दिला. रडायला हात मोकळे नकोत म्हणून.

दुपार कलताना निरोपाची वेळ झाली. माहेरच्या अंगणात पालखी जमिनीला टेकवत नाहीत. टेकली तर देवी उठायची नाही म्हणतात. भोई दांड्या खांद्यावर घेऊन उभे होते. देवळात पोचेपर्यंत त्यांना खांदा काढता येत नाही की मागे वळून पाहता येत नाही. मागच्या दांडीला जावई होता. चांगला उंचापुरा, चारचौघांत मवाळ बोलणारा.

उंबऱ्यातून घडा घेऊन लेक पुढे आली तसे दीर चमकले. तिला आईच्या हाताखाली मदतीला आलेली समजून ते कुंभारणीची वाट पाहू लागले. लेकीने पालखीपुढे पाण्याची धार धरली. मग तिची नजर मागच्या दांडीकडे गेली. जावई तिच्याकडेच पाहत होता. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. घड्यातलं पाणी हिंदकळून तिच्याच पायांवर सांडलं.

कुंभारणीला निरोपाचे ते शब्द झोपेतही पाठ होते. ते तिच्या ओठांवर आले आणि तिने दात आवळून धरले. हे लेकीनेच म्हणायला हवं होतं.

"जा बाई, आपल्या घरी जा," लेक म्हणाली. आवाज चिरका निघाला. तिने घसा साफ केला आणि बाकीचं सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हटलं. "दार उघडं आहे."

दीर पुढे आले. हे चालायचं नाही, पोरीला जायचं आहे, निरोप तिची आई पुन्हा देईल, असं एका दमात बोलून त्यांनी गुरवाकडे पाहिलं. म्हातारा गुरव पालखीची झूल सारखी करत होता. त्याने हातातलं काम संपवलं.

"निरोप दोनदा देत नाहीत," तो म्हणाला. "आता वर्षभर ही इथेच. नेणार असाल तर न्या, पण मग हे माहेर मोडलं. पुढच्या वर्षी पालखी कुणाच्या दारात न्यायची तेवढं सांगून ठेवा."

दिरांनी अंगणात जमलेल्या माणसांकडे पाहिलं. या एका दिवसाच्या जोरावर ते वर्षभर लोकांना शहाणपण शिकवत आले होते.

"मग पाठराखीण कोण?" शेवटी ते म्हणाले.

"मी आहे की," कुंभारीण म्हणाली. "मी आता मोकळी आहे."

तेवढ्यात मुलीचा बाप घरातून बाहेर आला. त्याच्या हातात बायकोच्या चपला होत्या. त्या त्याने तिच्यापुढे ठेवल्या आणि भावाकडे न पाहता बाजूला उभा राहिला. देवळापर्यंत पाठराखीण अनवाणी चालते. चपला लागतात त्या तिथून पुढच्या वाटेला. कुंभारणीने नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने असं काही केल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिने चपला काखेत मारल्या. पालखी वळली आणि वाटेला लागली. जावयाची पाठ तिच्या अगदी समोर होती.

गाव मागे पडल्यावर तो मान तशीच पुढे ठेवून म्हणाला, "सासूबाई, तुम्ही देवळापर्यंतच ना?"

"नाही जावईबापू, तुमच्या घरापर्यंत. तिचं सामान आणायचंय."

दांडी त्याने उगाचच खांद्यावर सरकवून घेतली.

"आणि घरही बघायचंय," ती म्हणाली. "शेजारीपाजारी कोण कोण राहतात, त्यांनाही भेटेन. आता मला मुक्कामाची अडचण नाही."

तिच्याकडे वळून पाहावं असं जावयाला फार वाटत असणार. पण खांद्यावर देवी होती, आणि टेकडी अजून लांब होती.