उन्हाळ्यासाठी ठेवलेला फ्रिज

मला मधुमेह. वणीच्या घरी वीज नव्हती, तिथल्या उन्हात इन्सुलिनची बाटली टिकायची नाही, म्हणून नागपूरहून मी माहेरी हिवाळ्यातच यायचे. अब्बा ट्रक दुरुस्त करायचे. खाणीतल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याचा रॉकेलवर चालणारा जुना फ्रिज त्यांनी माझ्यासाठी घेतला. तरी दोन उन्हाळे मी आले नाही.

या एप्रिलमध्ये अब्बा गेले आणि मी आले. फ्रिजचं दार सुतळीने करकचून बांधलेलं होतं. उघडलं तर आतून बुरशीचा भपकारा आला.

"येईनच ना वास, बाई! धुऊन ओलाच बंद केला," शेजारच्या तुळसाबाई म्हणाल्या. "म्या म्हटलं, मिस्त्री, एवढाली इंजिनं खोलता, अन् दार उघडं ठेवाची अक्कल नाही? तं म्हने, माह्या पोरीच्या औषधाची जागा हाये, धूळ जाईन."

सोड्याच्या कोमट पाण्याने मी कोपरा न् कोपरा पुसला. दाराच्या रबरात बसलेली काळी बुरशी चिंधीने काढली. आत परातभर लाकडी कोळसा ठेवून दार दोन दिवस उघडं टाकलं. बाटली तेवढ्यापुरती माठाखालच्या ओल्या वाळूत होती.

तिसऱ्या दिवशी आत डोकं घालून पाहिलं. वास गेला होता. फ्रिजखालचा रॉकेलचा दिवा लावला आणि आत गार झाल्यावर बाटली ठेवली.

"किती दिवस आहेस?" अम्मीने विचारलं.

"उन्हाळाभर."

उन्हाळ्यात किती दिवस येशील, हेच अब्बा दोन वर्षं पत्रांतून विचारत होते. मी दर वेळी "बघू" एवढंच लिहायचे.