लॅमिनेट केलेलं शिळंपाकं

माणसाच्या आयुष्यात निदान एक तरी गोष्ट अशी असावी, की तिच्यावर चहा सांडला तरी काही बिघडू नये. या उदात्त विचाराने मी लॅमिनेशनचं दुकान काढलं. माझी नोकरी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. वाळवी, ओल आणि साहेबांची कपबशी यांनी खाल्लेले कागद बावीस वर्षं हाताळल्यावर माझी खात्री पटली होती, की या जगाला प्लास्टिकच्या पापुद्र्याची नितांत गरज आहे. जगाला तसं वाटलं नाही. दुकान उघडलं त्याच वर्षी लोक आपापले दाखले मोबाईलमध्ये ठेवायला लागले. दुकान बायकोच्या नावावर होतं आणि अक्कल माझी, त्यामुळे बुडाल्यावर दोष कुणाचा यावर घरात फार वाद झाला नाही. मागे उरलं ते एक मशीन, प्लास्टिकची अकरा रिळं आणि ताईचं कर्ज.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. इस्पितळात मेट्रन आहे. एकटी राहते, आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. शंभर नर्सेस तिला घाबरतात, आणि मी एकशे एकावा. पैसे बँकेतून पाठवलेले तिला चालत नाहीत. "देणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे," असं तिचं म्हणणं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती दुपारी येते, आठ हजारांचं पाकीट घेते, माझं तोंड बघते, जेवते आणि जाते.

हे आठ हजार दर महिन्याला जमतात ते बायकोच्या शिवणयंत्रामुळे आणि आमच्या फ्रिजमुळे. यंत्रावर ती शाळांचे गणवेश शिवते. फ्रिजमध्ये मात्र माझं खातं चालतं. आमच्या घरात काहीही टाकलं जात नाही. उरलेलं प्रत्येक अन्न डब्यात जातं आणि डब्यावर मी स्वतः लॅमिनेट केलेली चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर तीन रकाने: पदार्थ, आवक दिनांक, कितवी वेळ. लिहायचं मार्करने, पुसायचं ओल्या फडक्याने. ‘कोबी. मंगळवार. दुसरी वेळ.’ असा डबा बघितला की मला कचेरीत असल्यासारखं शांत वाटतं. आमची लेक कॉलेजात जाते आणि घरात कुणाचाच मुलाहिजा ठेवत नाही. एकदा ती फ्रिज उघडून म्हणाली, "बाबा, या डाळीची सेवानिवृत्ती कधी आहे? निरोपसमारंभाला मी येणार नाही."

फक्त पहिल्या रविवारी हा सगळा कारभार बंद. "ज्यांच्या पैशावर आपण उभे आहोत, त्यांच्या ताटात शिळं?" असं म्हणून बायको पदर खोचायची. चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये, डबे बाल्कनीत, आणि टेबलावर कोंबडी, दोन भाज्या, वाफाळता भात, शिवाय गोड. ताई जेवून गेली की त्या थाटाचे उरलेले तुकडे आम्ही गुरुवारपर्यंत पुरवायचो. म्हणजे सावकाराला आपण गरीब दिसू नये म्हणून आम्ही दर महिन्याला थोडे जास्त गरीब व्हायचो. बरं, ताई महिन्यातून एकदाच येत असल्यामुळे तिच्या डोळ्यांसमोरचं आमचं घर बाराही महिने कोंबडी खात होतं. हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, आणि आमच्यापैकी दोघं पदवीधर आहेत.

अशाच एका महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी शिवणयंत्रातून धूर निघाला. मिस्त्रीने झाकण काढलं, वास घेतला आणि डॉक्टर करतात तसा चेहरा केला.

"वहिनी, मोटर गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. नवी पाच हजार दोनशेला पडेल."

पुढच्या पंचवीस तारखेपर्यंत सत्तर गणवेश द्यायचे होते. ते गेले नाहीत तर शाळा कायमची दुसरीकडे जाणार होती, आणि शाळा गेली की हप्तेही गेले. घरात एकूण रोकड होती ती ताईच्या पाकिटात. म्हणजे ताईला थांबायला सांगायचं होतं.

"तुम्ही सांगा. बहीण तुमची आहे," बायको म्हणाली.

"अगं, पण यंत्र तुझं आहे."

"आणि दुकान?"

"दुकान कागदोपत्री तुझंच होतं," मी म्हणालो, आणि संध्याकाळचा चहा मला स्वतःच करून घ्यावा लागला.

शेवटी लेकीने तोडगा काढला. "सांगायचंच कशाला? दाखवा. रविवारी फ्रिजमधलं जे असेल ते वाढा. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच ठेवा. आत्याला वाचता येतं."

बायको आधी हो म्हणाली. पण रविवारी सकाळी दहाला ती स्वयंपाकघरात शिरली ती बाराला बाहेर आली. बुधवारचा भात, मंगळवारचा कोबी आणि कडक झालेल्या पावाचा चुरा एकत्र मळून तिने तव्यावर कटलेट्स काढली होती, कडा अशा की बघूनच कुरकुर ऐकू यावी. फ्लॉवरच्या दांड्यांचं सूप होतं. त्या सुप्रसिद्ध डाळीला लसणीची फोडणी बसली होती. उरलेला पाव दुधात भिजून, वर साखर करपवून, बशीत डौलात बसला होता.

"अगं, आपल्याला हलाखी दाखवायची आहे," मी म्हणालो.

"शिळं वाढीन," ती म्हणाली, "पण बेचव वाढणार नाही. हे मला जमायचं नाही."

सगळं तिने त्याच डब्यांमधून टेबलावर मांडलं. चिठ्ठ्या समोरून दिसतील अशा वळवल्या. तेवढंच काय ते हलाखीचं लक्षण.

ताई एकला आली. नर्सेस लावतात तसं छातीवर टाचलेलं घड्याळ बघितलं, मग मला बघितलं. "ढब्बू, वाळलास का रे?" पन्नाशीच्या माणसाला ढब्बू म्हणणारी ती आता जगात एकटीच उरली आहे. "मला आज जरा बोलायचंय."

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "आम्हालाही."

"मग आधी जेवू या."

एकदा ती जेवायला बसली की बोलत नाही. पहिलं कटलेट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला हात घालताना ती बायकोला म्हणाली, "हे काय नवीनच? कुठल्या हॉटेलात शिकलीस?" आमचा बेत डोळ्यांदेखत बुडत होता. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी सुपाकडे बघितलं. लेकीने डबा बोटभर पुढे सरकवला.

मग ताईने चष्मा लावला आणि केसपेपर वाचावा तसं मोठ्याने वाचलं. "‘भात. बुधवार. तिसरी वेळ.’ तिसरी वेळ म्हणजे?"

बायको पाणी आणायला उठली.

"म्हणजे आत्या," लेक म्हणाली, "याआधी दोनदा हा भात म्हणूनच हजर झाला होता."

ताईने दुसरा डबा फिरवला. "‘डाळ. सोमवार. चौथी...’ अरे देवा." ती माझ्याकडे वळली. "आणि दर महिन्याची ती कोंबडी?"

"ती तुझ्यासाठी," मी म्हणालो.

"आणि तुम्ही?"

"तू गेल्यावर. हाडं गुरुवारपर्यंत पुरतात."

ताईने काटा खाली ठेवला. "मूर्खांनो," ती म्हणाली. तीन माणसांना पुरेल एवढा अनेकवचनी आवाज होता तिचा. "तुम्हाला काय वाटलं, मी पैसे गादीखालून काढून दिले? पतपेढीचं कर्ज काढलंय मी. दर महिन्याला पगारातून आठ हजार कापतात. मी कोपऱ्यावरच्या खानावळीचा डबा खाते. सव्वीसशे रुपये महिना, आणि रोज तोच बटाटा. तोच म्हणजे अगदी तोच. मी ओळखते आता त्याला. आणि महिन्यातून एकदा इथे येऊन बघते तर हा थाट! आज मी काय सांगायला आले होते माहितीये? हप्ता दहा हजार करा, म्हणून. रोज कोंबडी खाणाऱ्यांना दोन हजार काय जड आहेत!"

आता मात्र बायकोच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर पडलं: मोटर, धूर, मिस्त्री, सत्तर गणवेश, पंचवीस तारीख. बोलून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि सवयीने ताईच्या ताटात चौथं कटलेट वाढलं.

"मोटर कितीची?" ताईने विचारलं.

"पाच हजार दोनशे."

"आणि माझा डबा सव्वीसशे. दोन महिन्यांचे किती झाले, ढब्बू?"

मी बोटांवर मोजेपर्यंत लेक म्हणाली, "पाच हजार दोनशे."

ताईने पाकीट मागितलं. पाच हजार दोनशे मोजून बायकोच्या हातात ठेवले आणि उरलेले अठ्ठावीसशे आपल्या पर्समध्ये टाकले. "खानावळ उद्यापासून बंद. दोन महिने माझा डबा इथून. ही कॉलेजला जाता जाता इस्पितळात देईल. हप्ता पूर्ण मिळाला असं मी धरते. आणि माझ्यासाठी म्हणून वेगळं काही करायचं नाही, काय? हेच पाहिजे. चिठ्ठीसकट. मी कितव्यांदा खातेय ते मला कळलं पाहिजे."

सोमवारी मोटर बसली. घरात पुन्हा तो घरघराट सुरू झाला, ज्याला मी पूर्वी कटकट म्हणत असे. गणवेश चोवीस तारखेलाच गेले. डब्याच्या बाबतीत मात्र एक अडचण आली, जी कुणी धरली नव्हती. चौथं तोंड वाढल्यामुळे शिळं उरेनासं झालं. मग बायको शिळं उरावं म्हणून ताजं जास्त रांधायला लागली. रिकामा डबा रोज परत यायचा. चिठ्ठीच्या कडेला ताईच्या इस्पितळी अक्षरात शेरा असायचा: ‘मीठ कमी.’ ‘सुधारणा आहे.’ एकदा नुसतं ‘पुन्हा द्या.’

पुढच्या पहिल्या रविवारी, ताई गेल्या वेळी बजावून गेली होती तसं वागायचं ठरलं होतं. "कोंबडी दिसली तर हप्ता दहा हजार," ही तिची धमकी. पण गणवेशांचे पैसे आले होते आणि सकाळी बायको पिशवी घेऊन कुठेशी जाऊन आली. बाराला मला टेबलावर एक झाकलेला डबा दिसला. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात होतं: ‘कोबी. मंगळवार. तिसरी वेळ.’ मी झाकण उचललं. कोबीला तंगडी होती.

"अगं, ही खोटी नोंद आहे!"

"मग सही करा खाली. अधिकृत होईल."

बावीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर मी मार्कर उचलला आणि सही केली.

ताईने चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, सही वाचली. मग झाकण काढून आत बराच वेळ बघितलं.

"कोबी छान दिसतोय या वेळी," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "वाढ जरा. तो मोठा कोबी वाढ."