रखमी बाद

आमच्या ह्यांच्या हातात माइक दिला की त्यांना बायको दिसत नाही, भूक लागत नाही आणि घड्याळाशी तर उभं वैर. नाव देवराम. वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत, पण ती झाली पोटापाण्याची ओळख. खरी ओळख म्हणजे कबड्डीचे समालोचक. कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंत कुठेही मैदान आखलं गेलं की ह्यांना फोन येतो आणि लग्नकार्यातही न निघणारा ठेवणीतला सदरा कपाटातून बाहेर येतो. मी चिडते. पण खरं सांगायचं तर लग्नाआधी मी ह्यांना पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. माझ्या माहेरच्या मैदानावर हे बोलत होते आणि चुलीपाशी मी भाकरी करपवत होते.

यंदा आमच्या मंडळाने मुलींच्या फुटबॉलचे सामने भरवले. आश्रमशाळेतल्या मुली जिल्ह्याला जाऊन चांगल्या खेळून आल्या होत्या, त्यामुळे गावाला एकदम फुटबॉलचं प्रेम आलं. उंबरमाळीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं मैदान आहे. तिथली कापणी झालेली शेतं सपाट केली, बांबूचे गोल उभे केले आणि चार कोपऱ्यांना चार कर्णे बांधले. समालोचक कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मी मात्र घरी विचारलं की तुम्हाला फुटबॉल कळतो का. ह्यांचं उत्तर ठरलेलं होतं. बोलायला लागलं की कळतं आपोआप.

आमच्या संघात यंदा नव्याने आलेली रखमी होती. मैदानाच्या वर डोंगरात जी वाडी आहे, तिथली. त्या वाडीतली अंगणवाडी माझ्याकडे आहे, त्यामुळे रखमीला मी लहानपणी वजनकाट्यात टांगलेलं आहे. आईबाप कामाला बाहेर असतात, सांभाळते ती आजी, गुणाबाई. सामने आले ते नेमके भाताच्या झोडणीत. घरातले दोन हात खेळायला सोडायचे म्हणजे म्हातारीच्या जिवावर आलं होतं. मी तीन खेपा घातल्या, तिच्या मिश्रीची तारीफ केली, तेव्हा कुठे तिने दोन दिवस दिले.

शनिवारी उपांत्य सामना होता, भातसानगरच्या मुलींशी. पंच कल्याणहून आलेले. सुरुवातीलाच पंचांनी आम्हाला कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातून चेंडू मारायची संधी, दिला. कबड्डीत कोपरा म्हणजे कोपऱ्यातला खेळाडू. ह्यांनी लगेच कर्ण्यातून फर्मान काढलं की कोपरा कोण सांभाळतंय त्या खेळाडूचं नाव संघनायकाने समालोचन कक्षात कळवावं. लोक हसले. मीही हसले, नाही कशाला म्हणू. त्याच कॉर्नरवर आमच्या बुधीने गोल मारला आणि हसण्यावर पांघरूण पडलं.

पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. भातसानगरची एक मुलगी चेंडू घेऊन सुसाट निघाली आणि रखमीने, जी लहानपणापासून कबड्डी खेळत आलेली, तिला मागून कमरेला मिठी मारून खाली बसवलं. हे माइकवर आनंदाने ओरडले, सुंदर पकड! शिट्टी वाजली. पंचांनी पिवळं कार्ड काढलं. पिवळं कार्ड म्हणजे नुसती ताकीद, हे त्या मैदानावर फार तर चार जणांना ठाऊक असेल आणि त्या चारांत आमचे हे नव्हते. ह्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "रखमी बाद!"

कर्ण्यातून बाद म्हटल्यावर रखमी मुकाट्याने रेषेबाहेर गेली आणि मांडी घालून बसली. कबड्डीतल्यासारखा आता आपला कोणीतरी गुण मिळवील आणि आपल्याला उठवील, म्हणून ती वाट बघत होती. तोवर भातसानगरने गोल केला. आमच्या मुलींच्या शिक्षिका दीपाली मॅडम धावत गेल्या आणि तिला दंडाला धरून आत ढकललं.

एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, शेवटी पंचायत समितीचे माजी सदस्य आले. कबड्डीत दोन चढायांच्या मधे श्वास घ्यायला जागा असते. त्यात हे एक स्वागत, एक हार, एक श्रीफळ बसवून टाकतात. चेंडू काही कोणाच्या हारासाठी थांबत नाही. ह्यांनी सदस्यांची कारकीर्द सांगायला घेतली आणि तेवढ्यात गलका झाला. कारकीर्द संपवून हे मैदानाकडे वळले तेव्हा आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. विजयी गोल रखमीने मारला होता. कर्ण्यातून तिचं नाव काही आलं नाही.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष हनुमानभाऊ घरी आले. चहा घेतला, बिस्किट बुडवलं, आणि मग म्हणाले की उद्या अंतिम सामना आहे, देवरामदादांनी जरा विश्रांती घ्यावी. माइकवर आदेश बसेल. आदेश माझ्याच बहिणीचा मुलगा, वाशिंदला राहतो, परदेशातले सामने रात्रंदिवस बघतो. ह्यांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि इतक्या हळू आवाजात पाणी मागितलं की मला दोनदा विचारावं लागलं. मला हनुमानभाऊंचा राग आला, आदेशचा आला, फुटबॉलचा आला. ह्यांचा तर आधीपासूनच येत होता.

रविवारी सकाळी दीपाली मॅडमचा फोन. सगळ्या मुली आल्या, रखमीचा पत्ता नाही. मी चपला घातल्या. मागून हेही निघाले. मी नको म्हटलं नाही.

वर खळ्यावर पाहते तर रखमी भाताचे भारे असे आपटत होती की दाणेच काय, पेंढाही सुटावा. आसपासच्या खळ्यांवर सगळी वाडी कामाला लागलेली. गुणाबाई सुपाने भात वारवत होती. मी विचारलं की पोरीला का अडवलं. तिने सूप खाली ठेवलं.

"बाद झाल्याली पोर परत कशी खेलंल?" ती म्हणाली. "मी कान देऊन ऐकला ना काल. रखमी बाद. ही मला सांगतं, मी उठलू, गोलबी मारला. काम चुकवाया सांगतं."

"मारला गो आजे," रखमी रडकुंडीला आली होती.

"मंग कर्ण्यात का नाय आला? हार आला, नारल आला, कोन कुठं निवडून आलता त्या आला. तुजा गोल तेवढा वाटंत सांडला का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा उतरला. पुढे होऊन म्हणाले, पोरगी खरं सांगतेय, गोल तिनेच मारला, बाद ती कधी नव्हतीच, चूक माझी.

गुणाबाईने ह्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. आवाज रोजचा ओळखीचा, माणूस पहिल्यांदाच बघत होती.

"तू व्हय तो," ती म्हणाली. मग हाताने खालची बाजू दाखवली. तिथे सागाची झाडं होती आणि मैदानाचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता. "हितून आमाला काय दिसतं? तू बोलशील तेवढाच आमचा सामना. पोर कुठं हाय, काय करतं, येवढा सांग. हार कोनाला घातला त्याचा आमी काय करू?"

हे खळ्याच्या कडेला बसलेच. कर्णे इतक्या लांब ऐकू जातात आणि इतकी माणसं कामाचे हात न थांबवता ऐकतात, हे ह्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ह्यांना वाटायचं, आपण समोरच्या गर्दीसाठी बोलतो. समोरच्या गर्दीला तर डोळे होते.

म्हातारीने तेवढ्यात सौदा टाकला. तू नीट सांगणार असशील तर पोरीला ने. आणि हे, ज्यांच्या हातात माइक राहिला नव्हता, शांतपणे म्हणाले, "सांगतो गुणाबाय. शब्द दिला."

उतरताना मी विचारलं की कुठून सांगणार, सागावर चढून? हे भराभर उतरत राहिले. रखमी आमच्या कितीतरी पुढे पळत होती.

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. अंतिम सामना मुरबाडच्या मुलींशी होता आणि तो आम्ही जिंकलो. पण माझं लक्ष सामन्यावर नव्हतंच. माझं लक्ष होतं मंचाखाली हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसावर. आज ह्याने शब्द पाळला नाही, तर वाडीतली एक म्हातारी ह्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नव्हती, आणि मला वाटतं, हा स्वतःही ठेवणार नव्हता.

आदेश पहिला अर्धा भाग बोलला. पोराला कळतं, उगाच नावं ठेवणार नाही. मुरबाडचा बचाव डावीकडे उघडा पडतोय, हे त्याने सगळ्यांच्या आधी ओळखलं. पण त्याच्या बोलण्यात मिडफिल्ड होतं, प्रेसिंग होतं, परदेशातल्या क्लबांची उदाहरणं होती आणि आमच्या मुली होत्या नुसते नंबर. सात नंबर, नऊ नंबर. रखमी हे नाव एकदाही आलं नाही. वर खळ्यावर म्हातारी काय म्हणत असेल, ते माझ्या कानात वाजत होतं.

मध्यंतराला हे मंचावर चढले. मला वाटलं, आता नातेवाइकांत जुंपते. पण ह्यांनी आदेशला काही मागितलं नाही. सकाळी खळ्यावर जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. आदेशने डोकं खाजवलं.

"काका, मला त्या पोरींची नावंच ठाऊक नायत," तो म्हणाला. "टीव्हीवर दोघं असतात बघा. काय झालं ते एक सांगतो, का झालं ते दुसरा. तुमी काय ते सांगा, मी का ते सांगतो."

हनुमानभाऊंच्या कपाळावर आठ्या पडल्या. आदेश म्हणाला की नसेल जमत तर मीही वाशिंदला जातो, मला तसाही अभ्यास आहे. आठ्या गेल्या.

दुसरा भाग सुरू झाला. हे रोजच्यासारखं नमस्कार मंडळी म्हणाले नाहीत. ओरडलेही नाहीत. "वरच्या वाडीत, खळ्यांवर जे ऐकतायत त्यांच्यासाठी," असं म्हणून ह्यांनी सुरुवात केली. "आपल्या मुली डोंगराकडे पाठ करून उभ्या हायत. मुरबाड समोर. एक एक गोल झालाय. रखमी डाव्या अंगाला, रेषेजवळ. पायात लाल मोजे."

मग चेंडू जाईल तिथे ह्यांचा आवाज गेला. बुधीने अडवला, बुधीने पुढे दिला, मुरबाडने हिसकावला, आपली गोली पुढे आली, पकडला. साधी साधी वाक्यं. मी डोळे मिटून बघितलं आणि मला सगळा सामना दिसला. न कळलेलं हे बिनदिक्कत विचारायचे. एकदा विचारलं, "आदेश, मुरबाडच्या पोरी अशा एका रेषेत मागं का गेल्या?" आदेश म्हणाला, "काका, चढाईवाल्याला मुद्दाम आत येऊ देतात ना, तसं." मंचाजवळच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. फुटबॉल त्यांना तेव्हा कळला.

सामना संपत आला आणि बाहेर फटाके लागले. गाड्यांची रांग आली. प्रमुख पाहुणे, ह्या वेळी माजी नव्हे, चालू पदावरचे. हनुमानभाऊंनी हार हातात घेऊन ह्यांचा सदरा ओढायला सुरुवात केली. "देवराम, साहेब आलं, नाव घे," असं तीनदा म्हणाले. आणि नेमका त्याच वेळी बुधीचा चेंडू डावीकडे आला.

ह्यांनी मैदानावरची नजर काढली नाही. "साहेब आलेत, तेबी उभं राहून बघतायत," एका दमात म्हणाले, "आणि चेंडू रखमीकडं."

साहेब खरंच उभे राहून बघू लागले. दुसरं करणार काय?

"रखमी निघाली. कडेकडेनं. एकीला चुकवलं. दुसरी आडवी आली, तिलाबी. मधे कोणी नाय, समोर गोली. रखमीनं मारला." आणि आवाज थांबला. मग अगदी घरात बोलावं तसं, "गोल. रखमीनं गोल मारला."

मैदान उसळलं. ताशा सुरू झाला, टोप्या उडाल्या, हनुमानभाऊंनी हातातला हार कोणाच्या गळ्यात घातला ते त्यांनाही कळलं नाही. हे मात्र गप्प बसले. इतका वेळ माइक हातात धरून गप्प बसलेला हा माणूस मी संसारात कधी पाहिला नव्हता. गलका ओसरू लागला आणि तेव्हा तो आवाज आला. वरून, सागाच्या झाडांमागून. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या गळ्याची लांब हाळी, मग तिच्यात मिसळलेल्या पाच-दहा, मग खळ्याखळ्यांवरून सगळ्या वाडीची. मैदानातले लोक वळून डोंगराकडे बघू लागले. रखमी मधेच थबकली आणि तिने दोन्ही हात वर केले.

ह्यांनी माइकवर हात ठेवला आणि मंचावरून मला विचारलं, "ऐकलंस का गो?" डोळे भरले होते. इतकी वर्षं हा माणूस कर्ण्यातून बोलत होता, पण पलीकडून उत्तर आज पहिल्यांदा आलं होतं.  मी नुसती मान हलवली.

मग ह्यांनी हात काढला.

"गुणाबाय, आवाज पोचला," ते म्हणाले. "रखमी तुमच्याकडं तोंड करून उभी हाय. हसतेय. अजून खेळ बाकी हाय, मी सांगतो."