तिसरा नंबर

“पानी घुसलंऽ! बांधावर चलाऽ!”

बापाचा, भिवाचा, तो आवाज काळुरामच्या कानात कायमचा मुक्कामाला होता. उधाणाची भरती आली की खाडीचा बांध कुठेतरी खचायचा, खारं पाणी भाताच्या खाचरात शिरायचं, आणि भिवा बांधावर उभा राहून हाळी द्यायचा. गावाची रीत होती की ज्याच्या कानी हाळी पडली त्याने ती आधी आपल्या दारातून पुढच्या घराला द्यायची, मगच फावडं उचलायचं. घरामागून घर जागं होत जायचं. ज्या घरापाशी हाळी अडली, त्या घराशी गाव कितीतरी दिवस धड बोलत नसे.

आता बांध नाही, भात नाही. खाचरांवर टॉवर उभे राहिले, डोंबिवली खाडीपर्यंत येऊन टेकली, आणि जुन्या घरांचे बंगले झाले. काळुराम अशाच एका बंगल्याच्या पुढच्या खोलीत स्टुलावर चढून भिंतीला ड्रिल मारत होता. लाल धूळ त्याच्या भुवयांवर बसत होती. भिंत थोरल्या भावाची होती, गोविंदादादाची. आईचं दिवसकार्य झाल्यापासून या घरात त्याचं पाऊल आज पहिल्यांदाच पडलं होतं.

त्याचा धंदा अलार्मचा. मानपाडा रोडला शटरभर रुंदीचं दुकान. सोनाराच्या पेढ्या, कंपन्यांची गोदामं, परदेशी गेलेल्या लोकांचे बंद फ्लॅट, सगळीकडे त्याच्या हातच्या वायरी. पूर्वी नुसता भोंगा बसवायचा. हल्ली लोकांना भोंग्याबरोबर डायलर लागतो. डायलर म्हणजे पुस्तकाएवढी पेटी. तिच्यात सिम कार्ड, भरून ठेवलेला आवाज, आणि ओळीने नंबर. अलार्म वाजला की पेटी पहिल्या नंबरला फोन लावते आणि भरलेला निरोप ऐकवते. ऐकणाऱ्याने एक आकडा दाबला की गप्प होते. नाही दाबला तर दुसऱ्याला लावते, मग तिसऱ्याला. दमत नाही, रुसत नाही.

पुतण्या धनेश स्वतः दुकानात आला होता. त्याचं टेंपो भाड्याने देण्याचं ऑफिस ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोजवळ. दिवसभर तिकडेच असतो. म्हणाला, “काका, बाबा बाथरूममध्ये पडलेले. आईला ऐकायला येत नाही, ती टीव्हीसमोर. मी संध्याकाळी आलो तेव्हा लादीवरच होते. मी विचारलं, ओरडलात का नाही? काहीच बोलले नाहीत.” त्याला गळ्यात घालायचं बटण हवं होतं, दाबलं की फोन जाईल असं. काळुरामने आधी दुसऱ्या मेकॅनिकचं नाव सांगितलं. धनेश हलला नाही. म्हणाला, दुसऱ्याला बाबा घरात घेतील, पण बटण गळ्यात घालणार नाहीत.

रात्रभर कूस बदलून काळुराम सकाळी निघाला. घर दोन आळ्या सोडून, तरी वाटेत तीनदा थांबला. एकदा पाणी प्यायला आणि दोनदा काही कारण नसताना.

दारात वहिनी होती, गोदा. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि जणू तो कालच येऊन गेला होता अशा सुरात म्हणाली, “आलास? चप्पल भायेर काड, लादी पुसलीय.” गोविंदा खिडकीजवळच्या खुर्चीत होता. पूर्वी दारातून आत येताना मान वाकवावी लागे असा हा माणूस, आता बनियनमध्ये सैल झाला होता. त्याने मान वळवली नाही. फक्त त्याची टाच लादीवर टकटक करत होती, आणि ती टकटक पुढे कामभर चालू राहिली.

दोघे बोलत होते, पण गोदाच्या तोंडून. गोविंदा तिच्याकडे बघून ओठ ठळक हलवायचा, “त्याला सांग, भोकं कमी पाड, भिंत आत्ताच रंगवलीय.” ती स्टुलाखाली येऊन सांगायची, “दादा बोलतो, दमानं कर रं, पडशील.” काळुरामने ते पहिलं वाक्यही ऐकलेलं असायचं आणि दुसरंही. तो वर बघून म्हणायचा, “वैनी, त्याला सांग, रंग मी लावून देतो.” ती खुर्चीजवळ जाऊन सांगायची, “कालू बोलतो, तब्येत कशी हाय.” गोविंदाची टाच क्षणभर थांबायची. दोन म्हातारे होत आलेले भाऊ आणि मध्ये कमी ऐकणारी बाई; तिचं खोटं मात्र कुणालाच बोचत नव्हतं.

चहा आला तो काळुरामने उभ्यानेच घेतला. गोदा म्हणाली, “बस की. पायाला चाकं हायत क तुज्या?”

त्याला बसवत नव्हतं. बसलं की समोर आईचा, हौसाबाईचा, फोटो येत होता. ती गेली तेव्हा तो कल्याणला एका पेढीत शिडीवर होता. दुपारी काम उरकून डोंबिवली स्टेशनला उतरला, तर रिक्षाच्या रांगेतला गावचा एक ओळखीचा म्हणाला, “अरे, तू इथं? तुझ्या आईला नेली की मघाशी.” तो तसाच स्मशानात धावला. चिता अर्धी जळून गेली होती. गोविंदा भिंतीशी उभा होता, त्याच्याकडे पाठ करून. निरोप मिळाला नाही याचं दुःख काळुरामने कदाचित गिळलंही असतं. पण पुढे दहाव्याला गावची माणसं त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघू लागली. निरोप मिळाला असून आला नाही, असं कुजबुजू लागली. कसला निरोप, कुणी दिला, हे त्याला कुणी सांगेना. त्याने भावाला एकदाच विचारलं. गोविंदा उठून आत गेला. तेव्हापासून काळुरामने ही आळी सोडली. दुकानाला जायचं तर लांबचा वळसा घालून जायचा. आणि इतकी वर्षं वायरी ओढता ओढता, दुसऱ्यांच्या घरांतून त्यांच्या माणसांपर्यंत निरोप पोचवता पोचवता, आत एकच कुरतडणं, ‘मला का नाही?’

पेटी बसली. सिमला रेंज नव्हती, म्हणून अँटेना खिडकीच्या गजापर्यंत नेली. धनेशचा नंबर पहिला घातला, सुनेचा दुसरा. सून शिवानी कल्याणला एका लॅबमध्ये कामाला. चाचणीपुरता निरोप काळुरामने नेहमीप्रमाणे आपल्याच आवाजात भरला, मशीनच्या भाषेत, “ही अलार्म यंत्रणेची सूचना आहे. कृपया एक दाबा.” मग पांढरं बटण गोविंदाकडे न देता गोदाच्या हातात ठेवलं. तिने ते नवऱ्याच्या गळ्यात घातलं आणि वर पदराने पुसलं, देवाच्या टाकासारखं.

“दाब,” ती म्हणाली.

गोविंदाने दाबलं. भोंगा असा कोकलला की गोदालाही ऐकू आला. पेटीने धनेशला लावला. रिंग वाजत राहिली. खोपटला बसच्या इंजिनांच्या घरघरीत कुणाला कसली रिंग. पेटीने शिवानीला लावला. तिने उचलला, दोन शब्द ऐकले आणि कापला. काळुरामने आपल्या मोबाइलवरून तिला विचारलं, तर ती ओशाळून म्हणाली, “सॉरी काका, मला वाटलं लोनवाले.”

पेटी पुन्हा धनेशकडे वळली. हिरवा दिवा लुकलुकत राहिला. गोविंदा त्या दिव्याकडे बघत होता. या वेळी त्याने गोदाकडे वळून ओठ हलवले नाहीत.

“दोघांनी नाय घेतला तं?” त्याने पेटीलाच विचारलं.

काळुराम भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “तिसरा नंबर लागतो. चालत येईल असा कोनतरी. जवलचा.”

खिडकीबाहेर टॉवर होता, त्यातल्या एकाचंही नाव या घराला ठाऊक नव्हतं. काळुरामने पक्के बसलेले स्क्रू पुन्हा पिळले. परक्या घरात चाचणीला तो स्वतःचाच नंबर टाकायचा, डोळे मिटून. इथे अंगठा उठत नव्हता. घातला असता तर कुणी नको म्हटलं नसतं. पण त्याला तसं नको होतं. त्याला बोलावणं हवं होतं. ते आज आलं नाही तर पिशवी उचलायची, आणि मग ही भिंत त्याच्यासाठी कायमची लिंपली जाणार, हे त्याला कळत होतं. म्हणून तो पिशवीची चेन उघडत होता, लावत होता, पुन्हा उघडत होता.

“कालू हाय की,” गोदा म्हणाली. “दोन आल्या सोडून.”

टाच थांबली. “टाक,” गोविंदा म्हणाला. गोदाला की काळुरामला, ते कळलं नाही.

काळुरामने नंबर टाकला. मग तो वळला आणि भावाकडे बघून बोलला, “नुसता नंबर टाकून भागत नाय, दादा. शिवानीनं कापला ना? मशीनचा आवाज कोन ऐकत नाय. तुजा भरायला लागंल. लाल दिवा लागला की बोलायचं, विझायच्या आत.”

पेटी तर भिंतीवर. गोविंदाला हाताला धरून उठवावं लागलं. काळुरामने एका बाजूने धरलं. कोपराचं हाड हाताला लागलं. लाल दिवा लागला.

“गोविंदा भिवा,” ग्रामसभेत हजेरी दिल्यासारखा तो म्हणाला, आणि थांबला. दिवा विझला. गोदाने पदर तोंडाला लावला.

दुसऱ्यांदा लागला. “मी गोविंदा. काय नाय, सहज. सवड झाली तं या.”

“सवड?” काळुरामचा आवाज चढला. “अरे तू लादीवर पडलेला असशील. सवड कसली? ये बोल. मदत पायजे बोल. माणसासारखा बोल.”

“मना नाय येत तसं.”

“नाय येत. कवाच नाय आलं. आयस गेली तवा पन...” पुढचे शब्द त्याने दाताखाली धरले. गोदाने मान खाली घातली; तिला ऐकू आलं होतं की ओठांवरून कळलं होतं, कोण जाणे. काहीतरी करायचं म्हणून काळुरामने पेटीचं आवाज भरायचं बटण पुन्हा दाबलं.

लाल दिवा लागला. गोविंदा त्याच्याकडे बघत राहिला. पेटीवर एक हात टेकवून, धाप लागल्यासारखा, तो पेटीशी बोलू लागला.

“कालू. मी लावलेला फोन तुना. आयस गेली तवा. हास्पिटलच्या काउंटरवरना. तू उचललास. मागं मशीन चालू व्हती तुजी. हॅलो, हॅलो करत व्हतास, कोन, कोन बोलतंय. मी उबा. माज्या तोंडातना ‘आयस गेली’ नाय निंगालं रं. ठेवला फोन.”

लाल दिवा विझला. गोविंदाला तो दिसला नाही, किंवा दिसूनही तो थांबला नाही. त्याने काळुरामच्या मनगटाला धरलं.

“मंग माणसा घाई करायला लागली, इचारायला लागली. मी सगल्यांना बोललो, त्याला कलवलंय, तो येतोय. लाज वाटली रं. तुजं नाव खराब झालं, तवा पन तोंड नाय उगडलं माजं.” “पुन्ना पडलो तरी नाय उगडनार. नुसता फोन वाजंल, आवाज नाय येनार. पन तू ये.”